मस्तानी

मस्तानी (मृत्यू : इ.स. १७४०) ही मराठी राज्याचा पेशवा पहिला बाजीराव याच्या सहवासात सुमारे दहा वर्षे राहिलेली बुंदेलखंडातील स्त्री होय. कोणी तिला बाजीरावाची द्वितीय पत्नी म्हणतात, कोणी रक्षा; बखरींच्या भाषेत अशा स्त्रीला नाटकशाळा म्हणत. बाजीरावापासून तिला झालेला पुत्र समशेरबहाद्दर हा पुढे पानिपतच्या युद्धात जखमी होऊन मरण पावला आणि त्याच्या मुलापासून बुंदेलखंडातील बांद्याचे नबाबी घराणे सुरू झाले. कादंबऱ्या, नाटके आणि चित्रपट यांमुळे मस्तानीचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले असले, तरी तिच्या आयुष्यातील कागदोपत्री आधार असलेला भाग थोडा आहे. त्यातही सर्वांत अधिक माहिती मिळते ती तिच्या अखेरच्या सहा महिन्यांची, म्हणजे पेशव्यांच्या घरच्या मंडळींनी तिला अटकेत ठेवले त्या काळाची.

जन्म आणि कुळ

मस्तानीच्या जन्माविषयी परस्परांशी न जुळणाऱ्या परंपरा आहेत. बुंदेलखंडातील परंपरेनुसार ती पन्नाचा राजा छत्रसाल बुंदेला याची मुसलमान उपस्त्रीपासून झालेली मुलगी होती. छत्रसाल हा महामती प्राणनाथ यांच्या प्रणामी पंथाचा अनुयायी होता. या पंथात हिंदू आणि इस्लामी अशा दोन्ही धर्मग्रंथांचा आदर केला जातो. मस्तानी याच वातावरणात वाढली आणि म्हणून तिच्या आचारात दोन्ही धर्मांचे संस्कार होते, असे ही परंपरा सांगते. छतरपूरजवळील मऊ सहानिया येथे छत्रसालाच्या जुन्या राजधानीच्या परिसरात मस्तानीचा म्हणून एक महाल दाखवला जातो.

दुसरीकडे ‘तारीख-इ-मुहम्मदशाही’ या फार्सी ग्रंथात तिचा उल्लेख कंचनी, म्हणजे नृत्यगायन करणारी स्त्री, असा येतो. घोड्यावर बसण्यात आणि तलवार व भाला चालवण्यात ती तरबेज होती व बाजीरावाबरोबर मोहिमांवर जात असे, असेही तेथे नमूद आहे. तिला हैदराबादेच्या निजामाच्या परिवाराशी जोडणारी एक कथाही प्रचलित आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या सर्व कथा तपासल्या. कलासमीक्षक द. ग. गोडसे यांनी तर ‘मस्तानी’ या नावाचा स्वतंत्र ग्रंथच लिहून रूढ समजुतींची झाडाझडती घेतली.

राजकन्या आणि कंचनी ही दोन वर्णने एकमेकांना छेद देतात असे आज वाटते. अठराव्या शतकातील राजवाड्यांत मात्र उपस्त्रियांच्या मुलींना नृत्य, गायन आणि शस्त्रविद्या यांचे शिक्षण मिळणे नवलाचे नव्हते. राजाच्या रक्ताची मुलगी असूनही औरस कन्येचा मान नसणे ही त्या काळी ओळखीची स्थिती होती. मस्तानीच्या बाबतीत ती पुढच्या पिढीतही कायम राहिली.

बुंदेलखंडची मोहीम

इ.स. १७२८ च्या अखेरीस अलाहाबादचा मोगल सुभेदार मुहम्मदखान बंगश याने बुंदेलखंडात खोलवर मुसंडी मारून जैतपूरचा किल्ला घेतला. छत्रसाल त्या वेळी ऐंशीच्या घरात होता. त्याने मदतीसाठी बाजीरावाकडे निरोप धाडला. बाजीराव तेव्हा गढा प्रांतात होता. इ.स. १७२९ च्या मार्च महिन्यात तो महोब्याजवळ येऊन पोहोचला आणि मराठे व बुंदेले यांनी मिळून बंगशाला जैतपुरातच कोंडले. बापाच्या सुटकेसाठी आलेल्या कायमखानाचाही पराभव झाला. पावसाळ्याच्या तोंडावर बाजीराव दक्षिणेकडे वळला. पुन्हा बुंदेलखंडावर चालून येणार नाही असे कबूल करून बंगश तेथून निघून गेला.

या उपकाराची फेड म्हणून छत्रसालाने बाजीरावाला आपला तिसरा पुत्र मानले आणि राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा त्याच्या नावे करण्याचे ठरवले. इ.स. १७३१ च्या डिसेंबरात छत्रसाल मरण पावला व त्यानंतर हा वाटा मराठ्यांच्या ताब्यात आला. मराठ्यांचा बुंदेलखंडातील कायमचा पाय येथूनच रोवला गेला. मस्तानी बाजीरावाकडे आली ती याच संबंधातून, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजपूत घराण्यांत वराच्या खड्गाशी विवाह लावण्याची चाल होती. मस्तानीचे लग्नही तसेच लागले असे बुंदेली परंपरा सांगते. राजकीय मैत्री पक्की करण्यासाठी मुलगी देणे ही त्या काळची सर्वमान्य रीत होती, आणि छत्रसालाच्या बाजूने पाहता त्यात कमीपणाचे काहीच नव्हते. अडचण उभी राहिली ती पुण्यात.

पुण्यातील वास्तव्य

पेशव्यांच्या घरच्या कागदांत मस्तानीचे नाव प्रथम येते ते बाजीरावाचा थोरला मुलगा बाळाजी ऊर्फ नानासाहेब याच्या लग्नप्रसंगी. हे लग्न ११ जानेवारी १७३० रोजी झाले. त्याच्या आदल्याच दिवशी शनिवारवाड्याची पायाभरणी झाली होती. वाड्याची वास्तुशांत जानेवारी १७३२ मध्ये झाली. पुढे वाड्याच्या ईशान्य कोपऱ्यात मस्तानीसाठी स्वतंत्र महाल होता आणि त्याला बाहेर पडण्यासाठी वेगळा दरवाजाही होता. उत्तरेकडील हा दरवाजा मस्तानी दरवाजा म्हणून ओळखला जाई. तिच्या नातवाच्या नावावरून त्याला अलीबहाद्दर दरवाजा असेही म्हणत. एकाच तटबंदीच्या आत राहूनही मुख्य वाड्याशी संबंध न येता जाणे-येणे व्हावे, अशी ही सोय होती. घरातील सोवळेओवळे, पंक्ती आणि कुळाचार यांपासून तिला दूर ठेवण्याची व्यवस्था त्यातून आपोआप साधली गेली.

इ.स. १७३४ मध्ये बाजीरावाने तिच्यासाठी कोथरूड येथे निराळा वाडा बांधला. कोथरूड तेव्हा शहराबाहेरचे खेडे होते. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे बाजीरावाने तिला दिली होती असे सांगतात. त्यांपैकी पाबळ (आजचा शिरूर तालुका) हे गाव तिच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

इ.स. १७३४ हे वर्ष पेशव्यांच्या घरात आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी बाजीरावाची पत्नी काशीबाई हिला रघुनाथराव हा मुलगा झाला आणि त्याच वर्षी मस्तानीलाही मुलगा झाला. मस्तानीच्या मुलाचे नाव कृष्णराव ठेवावे आणि त्याची मुंज करून त्याला ब्राह्मण म्हणूनच वाढवावे अशी बाजीरावाची इच्छा होती, परंतु पुण्याच्या ब्रह्मवृंदाने त्यास नकार दिला, अशी परंपरा आहे. मुलगा समशेरबहाद्दर या नावाने मुसलमान म्हणून वाढला. दिल्लीच्या बादशाहीला हादरे देणाऱ्या पेशव्याला आपल्याच मुलाच्या कानात गायत्रीमंत्र सांगणारा भटजी मिळू नये, यातच त्या काळच्या सत्तेची मर्यादा दिसते.

बाजीरावाची आई राधाबाई ही करारी आणि धर्मनिष्ठ स्त्री होती. इ.स. १७३५ मध्ये ती काशीयात्रेस निघाली तेव्हा उदयपूर व जयपूर येथील राजांनी तिचे आदरातिथ्य केले. आपल्या मुलाने ज्याला जैतपुरात कोंडले होते, त्या बंगशानेही तिच्या प्रवासाची नीट व्यवस्था ठेवली. अशा मानमरातबाच्या घरात मस्तानीची उपस्थिती राधाबाईला रुचली नाही. काशीबाईच्या मनात मस्तानीविषयी द्वेष होता असे दाखवणारा पुरावा मात्र आढळत नाही. तिच्या सोशिकपणाचे उल्लेख पुढील काळातील लेखकांनी आवर्जून केले आहेत.

बाजीरावाला मद्य आणि मांस यांची सवय मस्तानीमुळे लागली, हा तिच्यावरील मोठा आरोप होता. तो तपासून घ्यायला हवा. वयाच्या विसाव्या वर्षी पेशवेपद मिळाल्यापासून बाजीरावाचे निम्मे आयुष्य छावणीत, निरनिराळ्या जातींच्या शिपायांच्या संगतीत गेले होते. पुण्याच्या मुदपाकखान्याचे नियम तेथे चालणे शक्यच नव्हते. घरच्यांना मात्र दोष देण्यासाठी जवळचे माणूस हवे होते आणि ते वाड्याच्या ईशान्य कोपऱ्यात राहत होते.

साताऱ्याचा दाखला

मस्तानीला झालेला विरोध केवळ उपस्त्री म्हणून होता असे समजणे चूक ठरेल. त्या काळच्या सरदार घराण्यांत नाटकशाळा आणि बटकी सर्रास असत आणि त्यांच्या मुलांना, ज्यांना लेकवळे म्हणत, उपजीविकेची तरतूदही मिळे. याचे सर्वांत ठळक उदाहरण खुद्द छत्रपतींच्या राजवाड्यात होते. शाहू महाराज मोगलांच्या कैदेत असल्यापासून विरूबाई ही स्त्री त्यांच्या सेवेत होती. इ.स. १७०७ मध्ये सुटका झाल्यावर तीही त्यांच्याबरोबर आली आणि पुढे साताऱ्याच्या राजवाड्याचा सारा अंतर्गत कारभार तिच्या हाती गेला. सकवारबाई आणि सगुणाबाई या राण्यांनाही तिचा शब्द मानावा लागे. सरदार मंडळी तिची मर्जी सांभाळत. शाहू महाराजांनी पुत्रवत मानलेला फत्तेसिंह भोसले तिच्याच मायेत वाढला. हाच अक्कलकोट संस्थानाचा मूळपुरुष. डिसेंबर १७४० मध्ये विरूबाई मरण पावली तेव्हा महाराजांना अतिशय दुःख झाले आणि तिचे उत्तरकार्य फत्तेसिंहाने केले.

मस्तानी आणि विरूबाई यांचा मृत्यू एकाच वर्षातला. दोघींचेही स्थान विवाहाच्या रूढ चौकटीबाहेरचे. एकीला राजवाड्याच्या किल्ल्या मिळाल्या, दुसरीला पहारा. छत्रपतींच्या क्षत्रिय राजघराण्यात जे खपून गेले, ते ब्राह्मण पेशव्याच्या घरात खपले नाही. त्यातही मस्तानी मुसलमान म्हणून ओळखली जाई आणि बाजीरावाला तिला लपवून न ठेवता उघडपणे मानाने वागवायचे होते. घरच्यांना सलत होते ते हे उघडपण.

अटकेचे प्रकरण

इ.स. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पाने पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्याच सुमारास नादिरशहा दिल्ली लुटून परत गेला. बाहेरचे हे मोठे ताण सरल्यावर पेशव्यांच्या घरातील जुने प्रकरण वर आले. घरात दोन मंगलकार्ये ठरली होती : रघुनाथरावाची मुंज आणि चिमाजी अप्पाचा मुलगा सदाशिवराव याचे लग्न. बाजीराव मस्तानीला सोडत नाही तोवर या कार्यांना येणार नाही, असा पवित्रा ब्रह्मवृंदाने घेतला. भटजींवाचून मुंज नाही आणि मुंजीवाचून मुलगा द्विज नाही. त्यामुळे ही धमकी पोकळ नव्हती. पेशव्यांच्या घराण्याचे ब्राह्मण्यच पणाला लागले होते.

चिमाजी अप्पा आणि नानासाहेब यांनी बाजीरावाला मस्तानीपासून तोडण्याचे ठरवले. नानासाहेब तेव्हा अवघा एकोणीस वर्षांचा होता. बाजीराव पुण्याहून बाहेर पडून पाटस येथे (आजचा दौंड तालुका) जाऊन राहिला आणि मस्तानीवर पुण्यात पाळत बसवण्यात आली. नोव्हेंबर १७३९ मध्ये ती पहारा चुकवून पुण्याहून निसटली आणि थेट पाटसला बाजीरावाकडे जाऊन पोहोचली. तिच्या स्वभावावर सर्वाधिक प्रकाश टाकणारी घटना हीच. एरवी कागदांतून दिसणारी मस्तानी इतरांच्या निर्णयांचा विषय असते. येथे तिने स्वतः निर्णय घेतला आणि चोख पहाऱ्यातून पुणे ते पाटस हे अंतर कापून तो पार पाडला. फार्सी ग्रंथकाराने तिच्या घोडेस्वारीची केलेली स्तुती अतिशयोक्तीची नसावी, असे यावरून वाटते.

पुण्यात एकच खळबळ उडाली. घरच्या विश्वासातील मंडळी पाटसला रवाना झाली. त्यांनी बाजीरावाची समजूत घातली, बरीच भवती न भवती झाली आणि अखेर मस्तानीला पुन्हा पुण्यास धाडणे त्याला भाग पडले. निजामाचा मुलगा नासिरजंग याच्यावरील मोहीम तोंडावर आली होती. बाजीराव सैन्यासह गोदावरीच्या रोखाने निघून गेला.

तो दूर जाताच जानेवारी १७४० मध्ये मस्तानीला प्रत्यक्ष कैद करण्यात आले. तिला पर्वतीकडील बागेत पहाऱ्यात ठेवले होते. शाहू महाराजांच्या कानी हे गेले तेव्हा त्यांना ते पसंत पडले नाही. त्यांचा चिटणीस गोविंद खंडेराव याने महाराजांचे मत पुण्यास कळवले. बाजीरावाचे मन दुखवू नये, मस्तानीला अटकेत ठेवून काही साधणार नाही, ती ज्याची त्याला द्यावी, असा त्याचा आशय होता. विरूबाईला घराची धनीण करणाऱ्या छत्रपतींनी असा सल्ला द्यावा हे स्वाभाविकच होते. पुण्याच्या मंडळींनी तो तेव्हा मानला नाही. फेब्रुवारी १७४० मध्ये मुंज आणि लग्न ही दोन्ही कार्ये पार पडली. बाजीराव त्यांना हजर नव्हता. तो गोदावरीकाठी नासिरजंगाशी लढत होता.

शेवट

नासिरजंगाचा पराभव होऊन २७ फेब्रुवारी १७४० रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. त्यान्वये हंडिया आणि खरगोण हे परगणे बाजीरावाला जहागीर म्हणून मिळाले. त्यांचा ताबा घेण्यासाठी तो नर्मदेकडे गेला. मार्चच्या प्रारंभी दोघा भावांची ताटातूट झाली. ती त्यांची अखेरची भेट ठरली. चिमाजी अप्पाला तोवर आपल्या भावाची अवस्था पुरती उमगली होती. बाजीरावाचे चित्त ठिकाणावर नाही, ते स्थिर करण्याचे आपले सारे प्रयत्न वाया गेले असून पुण्यास पोहोचल्यावर मस्तानीला त्याच्याकडे पाठवून द्यावे हेच बरे, अशा अर्थाचे त्याने नानासाहेबाला लिहिले. ज्याने तिला अलग करण्यात पुढाकार घेतला त्यानेच ही कबुली द्यावी, यातून चिमाजी अप्पाच्या मनाचा मोठेपणा दिसतो. तिला पाठवण्याचा विचार मात्र अमलात आला नाही. काशीबाई बाजीरावाकडे गेली. मस्तानी पुण्याच्या बाजूसच राहिली.

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे अल्पशा तापाने बाजीरावाचा मृत्यू झाला. त्याचे वय चाळीसही नव्हते. त्यानंतर थोड्याच दिवसांत मस्तानीही वारली व तिचे दफन पाबळ येथे झाले. तिने अंगठीतील हिरा गिळला, विष घेतले किंवा ती सती गेली, अशा कथा पुढे रूढ झाल्या. त्यांपैकी सती गेल्याची कथा पाबळच्या कबरीशी मुळीच जुळत नाही. इतर कथांना समकालीन कागदांचा आधार नाही. चिमाजी अप्पाही त्याच वर्षी डिसेंबरात मरण पावला.

समशेरबहाद्दर आणि त्याचे वंशज

आईबाप एकापाठोपाठ गेले तेव्हा समशेरबहाद्दर सहा वर्षांचा होता. पेशव्यांच्या घराने त्याला टाकले नाही. काशीबाईने त्याचा सांभाळ केला असे सांगतात. नानासाहेबाच्या कारकिर्दीत तो मोहिमांवर जाऊ लागला. इ.स. १७५६ च्या सुमारास तुळाजी आंग्र्याविरुद्ध कोकणात झालेल्या मोहिमेत तो होता. ज्याच्या लग्नासाठी आईला अटकेत टाकले गेले, त्याच सदाशिवरावभाऊच्या हाताखाली तो पानिपतावर गेला. १४ जानेवारी १७६१ च्या युद्धात त्याला भारी जखमा झाल्या. जाट राजा सूरजमल याच्या मुलखात पोहोचल्यावर डीगजवळ तो मरण पावला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांच्या आतबाहेर होता.

त्याचा मुलगा अलीबहाद्दर पुण्यात वाढला. नाना फडणविसाने त्याला तुकोजी होळकराबरोबर उत्तरेत महादजी शिंद्याच्या मदतीला पाठवले. तेथे एक चमत्कारिक पेच निर्माण झाला. हिंमतबहाद्दर गोसावी याने आपल्यावर जादूटोणा केल्याचा महादजीला संशय होता आणि हा गोसावी अलीबहाद्दराच्या आश्रयाला येऊन राहिला. अलीबहाद्दराने शरणागताला परत देण्याचे नाकारले व महादजीशी त्याचे बिनसले. पुढे या हिंमतबहाद्दराच्याच साहाय्याने त्याने बुंदेलखंडाचा मोठा भाग जिंकून बांदा येथे आपला अंमल बसवला. आजी ज्या प्रांतातून आली तेथेच नातवाने राज्य उभारले. इ.स. १८०२ मध्ये कालिंजरच्या किल्ल्याला वेढा चालू असताना अलीबहाद्दर मरण पावला. त्याचा मुलगा दुसरा समशेरबहाद्दर इंग्रजांविरुद्ध लढला, परंतु इ.स. १८०४ मध्ये वार्षिक चार लाख रुपयांच्या तनख्यावर त्याला समाधान मानावे लागले.

इ.स. १८५७ च्या उठावात बांद्याचा नबाब दुसरा अलीबहाद्दर इंग्रजांच्या विरोधात उतरला. एप्रिल १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकने बांदा घेतले आणि जून महिन्यात तो जवळच्याच किरवी (कर्वी) येथे पोहोचला. किरवीला रघुनाथरावाचा दत्तक पुत्र अमृतराव याचे घराणे नांदत होते. ज्या मुलाच्या मुंजीवरून १७४० मध्ये इतके रण माजले, त्या रघुनाथरावाची दत्तक शाखा आणि मस्तानीची शाखा अशा रीतीने बुंदेलखंडात शेजारी शेजारी राहत होत्या. एकाच मोहिमेत इंग्रजांनी दोन्हींची संपत्ती हस्तगत केली. बांदा आणि किरवीच्या या लुटीच्या वाटणीवरून इंग्रज सैन्याधिकाऱ्यांत पुढे वर्षानुवर्षे वाद चालले. नबाबाचे राज्य खालसा झाले आणि त्याला तनखा देऊन इंदूर येथे ठेवण्यात आले. तेथे १८७३ मध्ये तो मरण पावला.

स्थळे आणि साहित्य

शनिवारवाड्यातील इमारती इ.स. १८२८ च्या आगीत जळाल्या व मस्तानीचा तेथील महाल आज अस्तित्वात नाही. तिच्या नावाचा दरवाजा उरला आहे. कोथरूडच्या वाड्याची जागा कर्वे रस्त्यावरील मृत्युंजयेश्वर मंदिराच्या परिसरात होती. त्या वाड्याचे लाकडी भाग दिनकर केळकर यांनी जपले आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांतून मस्तानी महालाचे दालन उभे केले. दिवे घाटाच्या पायथ्याशी वडकी गावाजवळचा दगडी बांधणीचा तलाव मस्तानी तलाव म्हणून प्रसिद्ध आहे. मस्तानीची म्हणून जी चित्रे छापली जातात, ती तिच्या हयातीत प्रत्यक्ष पाहून काढलेली आहेत असे मानण्यास आधार नाही.

मराठी वाचकांच्या मनातील मस्तानी घडवण्यात ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ (१९७२) या कादंबरीचा वाटा सर्वांत मोठा आहे. या कादंबरीवर आधारलेला संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट २०१५ मध्ये आला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात असे दाखवणाऱ्या त्यातील गाण्यावर पुण्यात बरीच टीका झाली. शनिवारवाड्यातील दोन दरवाजांची व्यवस्था लक्षात घेता तो प्रसंग घडणे असंभवनीयच होते.

पाबळ येथील मस्तानीची कबर साध्या बांधणीची असून एका आवारात आहे. आवारात मशीदही आहे. गावकरी तिला मजार म्हणतात तसेच समाधीही म्हणतात आणि तेथे दोन्ही धर्मांचे लोक जातात. बाजीरावाची समाधी येथून दूर, नर्मदेच्या तीरावर रावेरखेडीला आहे. ती नानासाहेबाने बांधवून घेतली.